‘पास्ड अवे’च्या पुढचं काही शिकवा जी

प्रति,
राज्याचं इंग्रजीचं पुस्तक आणि पेपरचा आराखडा ठरवणारे सगळे सर आणि मॅडम,

स.न.वि.वि.

विषय सरळ आहे. फिगर्स ऑफ स्पीचमधे तुम्ही युफेमिझम ठेवलाय, चांगलंच केलं, पण त्याचं उदाहरण वर्षानुवर्षं एकच चालू आहे, ‘हिज ग्रँडफादर पास्ड अवे’. गाइडमधे तेच, क्लासच्या नोट्समधे तेच, पेपरात आलं तरी त्याचाच चुलतभाऊ. पोरगं व्याख्या पाठ करतं, कटू गोष्ट सौम्य शब्दात सांगणे, मार्क घेतं आणि सिमिलीकडे पळतं. त्याच्या डोक्यात बसतं काय, तर युफेमिझम म्हणजे सभ्य माणसाची सवय, कोणाच्या मयतीत जपून बोलावं तसं. हे अर्धंच शिकवणं झालं असं माझं म्हणणं आहे, आणि जे अर्धं राहून जातं तेच आमच्या पोट्ट्यांच्या जास्त कामाचं आहे.

मी वर्धा जिल्ह्यात देवळीकडच्या एका खेड्यात इंग्रजीचा क्लास घेतो. निम्मे पोट्टे भरतीवाले, पहाटे रोडवर धावणारे, पोलीस नाहीतर अग्निवीर, बाकीचे बारावीचे आणि स्पर्धा परीक्षेचे. यांना पुढे आयुष्यभर सरकारी इंग्रजीच वाचायचं आहे, नोटीस, ऑर्डर, प्रेस नोट, योजनेचं पत्रक. यातलं कोणी ‘पास्ड अवे’ला अडणार नाही. अडतात ते भलत्याच ठिकाणी. अग्निपथ योजना २०२२ च्या जूनमधे आली, चार वर्षांची नोकरी, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के पुढे राहणार आणि बाकीचे सेवा निधी घेऊन ‘एक्झिट’. एका पोट्ट्याने दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘सर, एक्झिट म्हंजे आपण निघतो का ते काढते?’ आता सांगा, याचं उत्तर कोणत्या धड्यात आहे?

गोड शब्द आम्हाला नवीन नाहीत. रात्री सापाचं नाव घेत नाही आम्ही, ‘पान लागलं’ म्हणतो. दुकान बंद करत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते, नारळसुद्धा वाढवतो. घरातले तांदूळ संपले असं म्हातारी कधी म्हणणार नाही, उदंड झाले म्हणेल, आणि आपण गुपचूप पिशवी घेऊन निघतो. हे सगळं ‘पास्ड अवे’चंच खानदान आहे, याच्यात भीती आहे, मान आहे, शुभ-अशुभ आहे, फसवाफसवी नाही, कारण ऐकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं काय झालं ते. पान लागलं म्हटलं की कोणी पानठेल्याकडे पळत नाही, गाडी काढतात अन् सरकारी दवाखाना गाठतात.

आता ‘कोलॅटरल डॅमेज’ घ्या. वर्गात अर्थ विचारला तर एक जण म्हणाला, ‘कोलॅटरल म्हंजे बँकेत तारण ठेवते ते ना जी?’ त्याचं काही चुकलं नाही, कर्जाच्या कागदावर पाहिला असेल त्याने तो शब्द. पण १९९१ च्या आखाती युद्धात, अमेरिका विरुद्ध इराक, हा शब्द टीव्हीवर रोज येत होता आणि त्याचा अर्थ होता, निशाणा दुसरीकडे होता, मेले बाजूचे, बाया, लेकरं, म्हातारे. त्याच युद्धात लढून घरी गेलेल्या टिमोथी मॅक्व्हे नावाच्या अमेरिकन माजी सैनिकाने १९९५ मधे ओक्लाहोमा सिटीत सरकारी इमारत बॉम्बने उडवली, १६८ माणसं गेली, त्यात १९ लेकरं होती, आणि त्या लेकरांबद्दल बोलताना त्याने हाच शब्द वापरला, कोलॅटरल डॅमेज. सगळा देश हादरला, आणि हादरायलाच पाहिजे होता. पण तोच शब्द बगदादच्या लेकरांसाठी वापरला तेव्हा टीव्हीपुढे जेवणारा माणूस जेवतच होता ना.

म्हणून मी वर्गात फरक असा सांगतो की पहिल्या जातीच्या शब्दात बोलणारा आणि ऐकणारा दोघांनाही खरी गोष्ट माहीत असते, दुसऱ्या जातीत फक्त बोलणाऱ्याला. या दुसऱ्या जातीला इंग्रजीत डबलस्पीक म्हणतात, आणि तुमच्या पुस्तकात मला तरी हा शब्द दिसला नाही.

हे इंग्रजीच्या मास्तरांचं काम नाही असं कोणी म्हणत असेल तर ऐका. अमेरिकेत इंग्रजी शिकवणाऱ्यांची एक मोठी संघटना आहे, नॅशनल कौन्सिल ऑफ टीचर्स ऑफ इंग्लिश. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सरकारचं इंग्रजी ऐकून या मास्तर लोकांचं डोकं इतकं फिरलं की त्यांनी १९७४ पासून दरवर्षी डबलस्पीक अवॉर्डच द्यायला सुरुवात केली, म्हणजे उलटा पुरस्कार, सगळ्यात लबाड भाषेसाठी. पहिला मिळाला कर्नल ऑपफर यांना, ते कंबोडियात अमेरिकेच्या दूतावासात हवाई दलाचे अधिकारी होते आणि पत्रकारांवर चिडून म्हणाले होते की तुम्ही सारखं बॉम्बिंग बॉम्बिंग लिहिता, ते बॉम्बिंग नाही, एअर सपोर्ट आहे. वरून बॉम्बच पडत होते हो! १९८४ मधे हा मान अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला मिळाला, मानवी हक्कांच्या रिपोर्टमधून त्यांनी ‘किलिंग’ शब्द काढला आणि त्याजागी लिहिलं, अनलॉफुल ऑर आर्बिट्ररी डिप्रायव्हेशन ऑफ लाइफ. बारावीच्या पोराला हे वाक्य फळ्यावर लिहून द्या आणि विचारा यात कोणी मेलं का. माझ्या वर्गात निम्म्यांनी नाही सांगितलं, एकाला वाटलं कोणाचं लाइफ इन्शुरन्स रद्द झालं.

आणि एक गोष्ट तर आपण स्वतः शिकवून राहिलो. चेंज द व्हॉइस. ‘समवन हॅज स्टोलन माय पेन’, याचं पॅसिव्ह करताना आपण सांगतो ‘बाय समवन’ लिहायचं नाही, गाळून टाका, ‘माय पेन हॅज बीन स्टोलन’. व्याकरणात बरोबर आहे, मी पण तेच शिकवतो. पण याच यंत्रातून १९८७ च्या जानेवारीत अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांचं वाक्य निघालं, इराणला चोरून शस्त्रं विकल्याचं प्रकरण उघडं पडल्यावर ते संसदेपुढे म्हणाले, ‘सिरियस मिस्टेक्स वेअर मेड’. चुका झाल्या. कोणी केल्या? पॅसिव्ह व्हॉइसने केल्या. आपल्याकडे पण पुढारी ‘चुका झाल्या असतील’ म्हणतात तेव्हा कर्ता कुठल्या बांधावर बसलेला असतो देव जाणे. तर पोरांनी कर्ता गाळला की आपण मार्क देतो, गाळलेला कर्ता शोधून काढला तर एकही मार्क नाही, याचा विचार तुमच्या बैठकीत एकदा तरी व्हावा.

आता जरा आमच्या वावरातलं बोलतो. व्हिएतनाममधे अमेरिकेच्या हवाई दलाने १९६२ ते १९७१ जंगलं आणि धानाची शेती विषारी फवारा मारून वाळवली. त्या मोहिमेचं नाव काय ठेवलं माहीत आहे? ऑपरेशन रँच हँड. रँच हँड म्हणजे शेतावरचा गडी, सालदार म्हणा. उभं पीक जाळणाऱ्या मोहिमेला सालदाराचं नाव! ज्या भागात शत्रूला खायला मिळू नये म्हणून पिकं मारायची त्याला कागदावर ‘फूड डिनायल’, अन्न नाकारणे. जसं कोणी पंगतीत वाढायला नाही म्हटलं. फवारलेल्या रसायनांत सगळ्यात बदनाम एजंट ऑरेंज, त्याच्यात अर्धा भाग होता टू-फोर-डी, तोच जो आपल्याकडे तणनाशक म्हणून कृषी केंद्रात आजही मिळतो. (डायऑक्सिन नावाचं जे भयानक विष पिढ्यान् पिढ्या भोवलं ते दुसऱ्या अर्ध्यातून आलं होतं, टू-फोर-फाइव्ह-टी मधून, हे सांगायलाच पाहिजे नाहीतर उद्या कोणी म्हणेल मास्तर अफवा पसरवतो.) हे वर्गात सांगितलं तेव्हा पोट्टे पहिल्यांदा एकदम चूप झाले, कारण पंप पाठीवर घेतलेले आहेत ते.

आणि तिथूनच एक पोरगी म्हणाली, सर आपण पण तर विषाला औषध म्हणतो. फवारणीला औषध मारणं म्हणतो, कोणी जिवाचं बरंवाईट केलं तरी ‘औषध पिला’ म्हणतो. मी तासभर बोलून राहिलो ते तिने एका वाक्यात उलटं करून दाखवलं. आपला गावठी गोड शब्द नेहमीच बिनविषारी नसतो. डब्यावर लाल त्रिकोण छापलेला असतो, म्हणजे अतिविषारी, पण तोंडात औषध, मग हातमोजे कशाला अन् तोंडाला फडकं कशाला. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्याला कारणं पुष्कळ होती, मिसळलेली औषधं, डोक्याच्या वर गेलेली पऱ्हाटी, उकाडा, साधनं नाहीत, एकट्या शब्दाने कोणी मेलं असं मी म्हणत नाही. पण शब्दाने हात थोडा सैल सोडला असं मला वाटतं, तुम्हाला काय वाटतं माहीत नाही.

युद्धाला युद्ध न म्हणण्याची पण मोठी परंपरा आहे. १९४८ च्या सप्टेंबरमधे भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात घुसलं, रणगाडे होते, जनरल चौधरी होते, सैन्याच्या कागदावर नाव ऑपरेशन पोलो, आणि जगाला सांगितलं ‘पोलीस अ‍ॅक्शन’. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं राजुरा तेव्हा निजामाकडेच होतं, तिकडचे जुने लोक ‘पोलीस अ‍ॅक्शनच्या वक्ताला’ असंच बोलतात. पोलीस का म्हटलं, तर हा आमच्या घरातला मामला आहे, परदेशावर स्वारी नाही, हे संयुक्त राष्ट्रसंघात सांगायचं होतं. निजामाची रझाकारी कोणी विसरलं नाही आणि मी पण त्या कारवाईच्या विरुद्ध नाही, फक्त शब्द कशासाठी निवडला ते पोरांना कळलं पाहिजे. दोन वर्षांनी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी कोरियातल्या युद्धाला पोलीस अ‍ॅक्शन म्हणायला मान डोलावली, त्या पोलीस अ‍ॅक्शनमधे ३६ हजारांहून जास्त अमेरिकन सैनिक गेले आणि कोरियन किती ते मोजायला लाखात जावं लागतं. याच ट्रुमन यांनी १९४५ मधे हिरोशिमावर बॉम्ब टाकल्यावर निवेदनात शहराचं वर्णन केलं, एक महत्त्वाचा जपानी लष्करी तळ. खोटं नव्हतं बरं का, तळ होताच तिथे. फक्त तळाच्या भोवती अख्खं शहर होतं, आणि वर्ष संपेपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेल्याचा अंदाज आहे. डबलस्पीकची खुबी हीच, पकडायला गेलं तर खोटं सापडत नाही.

रशियाने २०२२ मधे युक्रेनवर हल्ला केला तो ‘स्पेशल मिलिटरी ऑपरेशन’ म्हणून, आणि मार्चमधे कायदाच केला की सैन्याबद्दल सरकारच्या मते खोटं बोललात तर १५ वर्षांपर्यंत कैद. रेगन यांनी एकेका क्षेपणास्त्रात दहा दहा अणुबॉम्ब नेणाऱ्या एमएक्सचं नाव ठेवलं पीसकीपर, म्हणजे शांतता राखणारा. आपण तरी कुठे मागे, १९७४ च्या पोखरणला ‘शांततामय अणुस्फोट’ म्हटलं आणि सांकेतिक नाव स्मायलिंग बुद्धा. अमेरिकेचं तर खातंच वॉर डिपार्टमेंट होतं, १९४७-४९ मधे फेरफार होऊन डिफेन्स झालं, आणि २०२५ मधे ट्रम्प यांनी हुकूम काढून जुनं वॉर नाव परत पाटीवर आणलं. त्या माणसाबद्दल काहीही मत असो, पाटी तेवढी खरी झाली.

सगळेच असे शब्द वाईट असं शिकवू नका मात्र, तेही चुकीचं होईल. २६ फेब्रुवारी २०१९ ला बालाकोटवर आपली विमानं गेली, त्या दिवशी परराष्ट्र सचिवांनी त्या कारवाईला ‘नॉन-मिलिटरी प्री-एम्प्टिव्ह अ‍ॅक्शन’ म्हटलं, म्हणजे समोरच्याने काही करायच्या आधीच केलेली बिगर-लष्करी कारवाई. हवाई दलाने बॉम्ब टाकले आणि नॉन-मिलिटरी? पोट्टे हसतात. पण त्याचा अर्थ होता की निशाणा अतिरेक्यांचा तळ आहे, पाकिस्तानचं सैन्य नाही, म्हणजे समोरच्याला मागे हटायला दरवाजा उघडा ठेवला. दोन अणुबॉम्बवाल्या देशांमधे असा दरवाजा लागतो, मी तर म्हणतो बरं केलं. इथे शब्द झाकण्यासाठी होता की आवरण्यासाठी, यावर वर्गात वाद घाला ना, पोरं काय मस्त भांडतात बघा.

कोणी म्हणेल मास्तर पोरांच्या मनात सैन्याबद्दल संशय भरतो. तसं नाही हो. आमच्या बाजूलाच पुलगावचा दारूगोळा डेपो आहे, २०१६ च्या मे महिन्यात तिथली आग रात्री लांब लांबच्या गावांनी पाहिली, त्यात अधिकारी, जवान, फायरमन गेले, आणि २०१८ च्या नोव्हेंबरमधे जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला त्यात जवळपासच्या खेड्यातले रोजंदारीवाले पण होते. आम्हाला सैन्याचं प्रेम शिकवायला कोणी यायची गरज नाही. सैन्याच्या आत तर भाषा एकदम नागडी असते, फायर म्हणजे फायर, तिथे गोड बोलून चालत नाही. मऊ शब्द तयार होतो बाहेरच्यांसाठी, माइकपुढे. गडचिरोलीच्या बातमीत ‘न्यूट्रलाइज्ड’ येतं, मेला की पकडला ते त्या शब्दावरून कळत नाही, आणि उद्या माझाच विद्यार्थी तिथे वर्दीत असेल, त्याने रिपोर्ट लिहिताना खरं काय ते लिहावं एवढंच मला पाहिजे.

आणि हे फक्त फौजेचं नाही, म्हणूनच मला जास्त राग आहे. आपल्या महाराष्ट्राने १९६३ मधे कायदा केला, राज्यात लागू असलेल्या कायद्यांमधून ‘फॅमिन’ हा शब्द काढून टाकायचा आणि त्याजागी ‘स्कार्सिटी’ घालायचा. खरंच असा कायदा आहे, विधिमंडळाने पास केलेला. कारण दिलं की सरकार शेतीवर सतत लक्ष ठेवतं तेव्हा फॅमिनची वेळच येणार नाही. नऊ वर्षांनी बहात्तर आलं. आमच्या घरातली म्हातारी माणसं लाल मिलोच्या (बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या) भाकरी अन् खडी फोडायची कामं सांगतात ती ‘बहात्तरच्या दुष्काळातली’, बहात्तरची टंचाई असं म्हणणारा माणूस मला अजून भेटला नाही. ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ हा त्याच घराण्यातला शब्द, म्हणजे दुष्काळासारखा दिसते पण दुष्काळ म्हणू नका.

त्याहून जड एक आहे. शेतकऱ्याने आत्महत्या केली की जिल्ह्याची समिती बसते, जमीन कोणाच्या नावावर, कर्ज मान्यताप्राप्त होतं का, तगादा होता का हे पाहते, आणि प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरतं. २००६ पासून पात्र असलं तर १ लाख. सरकारी पैसा द्यायचा तर नियम लागणारच, मला मान्य आहे. पण इंग्रजी पेपरात ‘एलिजिबल सुइसाइड्स’, ‘इनएलिजिबल’ अशा कॉलमात आकडे छापून येतात ते वाचून बघा, जसं काही मेलेल्या माणसाने फॉर्म भरला होता आणि त्याचा रिजेक्ट झाला. त्याच २००६ मधे अमेरिकन सैन्याच्या ग्वांतानामो तुरुंगात तीन कैदी कोठडीत मेलेले सापडले, सैन्याने आत्महत्या म्हणून सांगितलं आणि तिथल्या अ‍ॅडमिरलने म्हटलं की ही निराशा नाही, हे आमच्याविरुद्धचं ‘असिमेट्रिकल वॉरफेअर’ आहे, म्हणजे कमजोराने बलवानाशी आडमार्गाने केलेलं युद्ध. ही दोन्ही उदाहरणं मी एकाच तासाला फळ्यावर लिहितो, शेजारी शेजारी, आणि काही बोलत नाही.

तर मागणी अशी आहे. युफेमिझमचा धडा मोठा करा असं म्हणत नाही, सिलॅबस आधीच ओझं आहे. फक्त एक प्रश्न बदला. खरी किंवा खऱ्यासारखी प्रेस नोटची एक ओळ द्या, उदाहरणार्थ ‘ड्युरिंग द ऑपरेशन सम स्ट्रक्चर्स वेअर अफेक्टेड अँड लॉस ऑफ लाइफ वॉज रिपोर्टेड’, आणि विचारा, कोणी केलं, कोणाला झालं, आणि या वाक्यात काय सांगितलेलं नाही. साध्या इंग्रजीत परत लिहा. स्पेलिंग चुकलं तर अर्धा मार्क कापा, पण ज्याने लिहिलं की ‘द सेंटेन्स डझ नॉट से हू डिड इट’ त्याला पूर्ण द्या, कारण उत्तर तेच आहे.

आपला,
एक क्लासवाला मास्तर
ता. देवळी, जि. वर्धा

ता.क. : या प्रश्नाचं मॉडेल अँसर मात्र छापू नका जी. गाइडवाले जूनच्या आत उचलतील आणि पोट्टे ते पण पाठ करतील.